मी हो म्हटलं नव्हतं

इंग्रजीत विहिणीला शब्द नाही. मुलाच्या लग्नात माझ्या ऑफिसातल्या बायकांना समजावून समजावून मी थकले, की ही सुनेची आई, म्हणजे माझी... माझी कोण? 'माय सन्स मदर-इन-लॉ' म्हणावं लागे, आणि त्यात मी कुठेच नसे. तिला मात्र हे सांगावं लागलं नाही. ती फिलिपिनो. म्हणाली, आमच्यात आहे शब्द, बालाए. तुम्ही माझ्या बालाए, मी तुमची. बाकीच्या हॉलभर माणसांना ठाऊक नसलेलं नातं आम्हा दोघींनाच ठाऊक आहे, या आनंदात मी तिला मिठी मारली. पुढच्या अकरा वर्षांत ती मला अनेकदा आवडली नाही, हेही सांगून टाकते.

कारण साधं होतं. मी नागपूरची, पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये तीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेली, बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय झाकण न उघडणारी बाई. नवरा गेल्यावर एडमंटनच्या घरात मी एकटी होते. ती म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये कामाला. पहाटेची ड्यूटी करून दुपारी मोकळी व्हायची, म्हणून शाळा सुटल्यावर नातीला आणायचं काम तिच्याकडे गेलं. आठवड्याच्या पाचही दुपारी. माझ्याकडे रविवारची जेवणं. मी तोंडाने 'बरं झालं, सोय झाली' म्हणायचे आणि मनातून जळायचे. नात तिला लोला म्हणते, मला आजी. तेही मी मोजायचे, दिवसातून कितीदा लोला आणि कितीदा आजी.

आमची सून पाच वर्षांची असताना तिची ही आई तिला आजीजवळ ठेवून परदेशी गेली होती. आधी हाँगकाँगला कुणाच्या घरी, मग इथे, लोकांची मुलं सांभाळायला. लेकीला आणता आलं तेव्हा लेक चौदा वर्षांची झालेली. मधल्या नऊ वर्षांबद्दल दोघी कधी बोलत नसत. सून एवढंच म्हणायची, मला माझ्या आजीने वाढवलं. ती आजी पुढे तिकडच्या एका मोठ्या वादळात गेली. त्या वेळी सून इथे कॉलेजात होती.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत मुलाने उत्तरेकडे तीन तासांवर एका तळ्याकाठची केबिन भाड्याने घेतली. चार दिवस सगळे राहिलो, मग मुलगा-सून कामावर परतली, शुक्रवारी येतो म्हणून. मागे राहिलो आम्ही दोघी आणि सात वर्षांची नात. दारात दोन गाड्या, तिची व्हॅन आणि माझी कार, आणि दोन्हींत बूस्टर सीट. एकीच्या गाडीतून दुसरीची सीट काढून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून सुनेने शहाणपणाने दोन घेतल्या होत्या.

पहिल्याच संध्याकाळी ठिणगी पडली. नात झाडीकडे धावली तर विहिणीने तिला थांबवलं आणि म्हणायला लावलं, ताबी-ताबी पो. म्हणजे, जरा सरका हो, आम्ही जातोय. कुणाला म्हणायचं? झाडांत, वारुळांत राहणाऱ्या न दिसणाऱ्यांना. न विचारता त्यांच्या अंगावरून गेलं तर ताप येतो, पाय सुजतात. मग त्या सुजलेल्या पायांची एक गोष्ट, मग दुसरी. सकाळी पोरगी एकटी वॉशरूमला जाईना. मी भडकले. म्हटलं, पोरीच्या डोक्यात ही भीती घालू नका. ती शांतपणे म्हणाली, ही भीती नाही बालाए, मॅनर्स आहेत. मी म्हटलं, फिलिपिन्समधली भुतं अल्बर्टाच्या स्प्रूसवर कशी आली? त्यावर ती म्हणाली, ही झाडं तर आपली नाहीतच, मग जास्तच विचारून जायला हवं.

तिन्हीसांजेनंतर तुळशीला हात लावू नकोस, ती झोपली आहे, असं माझी आई मला सांगायची, हे त्या क्षणी मी सोयीने विसरले होते. उत्तर नसलं की मी नियम करते. म्हटलं, मुलीसमोर घाबरवणाऱ्या गोष्टी सांगायच्या नाहीत, विषय संपला. ती 'ओके, बालाए' म्हणाली. आणि तिने तो नियम तंतोतंत पाळला.

बुधवारी दुपारी धूर आला. तसा वास दोन दिवस होताच, उन्हाळ्यात आता असतोच, त्याला कुणी दचकत नाही. पण त्या दिवशी तळ्याचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं. दोघींचे फोन एकदम किंचाळले. इव्हॅक्युएशन अलर्ट.

विहीण लगेच उठली. म्हणाली, निघू या. मी चष्मा लावून मेसेज पहिल्या ओळीपासून वाचला. अलर्ट म्हणजे सामान बांधून तयार राहा. ऑर्डर आली की निघायचं. मी तिला दोन शब्दांतला फरक समजावून सांगू लागले. आपण उगाच घाबरून पळालो आणि शुक्रवारी मुलगा हसला तर, हेही मनात होतं. त्याहून जास्त हे होतं की निघायचं केव्हा ते तिने ठरवू नये.

तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "शब्दाचं सांगू नका मला. आमच्याकडे एकदा असाच एक शब्द..."

मी तिला तोडलं. "मुलीसमोर नको. काय ठरलंय आपलं?"

नात टेबलाशी चित्र रंगवत होती. विहिणीने तिच्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि तिला म्हणाली, जा, शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांच्या कुत्र्याला पाणी आहे का बघून ये. पोरगी टुणकन गेली. कुत्र्यासाठी ती कुठेही जायची. मग विहीण माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, आणि तिने तोंड उघडण्याआधी माझा फोन वाजला.

मुलाचा आवाज तुटत तुटत येत होता. वारा फिरलाय, आई. आत्ताच्या आत्ता निघा. मी त्याला काय नेऊ, काय ठेवू विचारत राहिले, तो ओरडत राहिला. विहीण एव्हाना पिशव्या व्हॅनमध्ये टाकत होती. कूलर, ब्लँकेट्स, तांदळाचा कुकर, मागची सीट भरून गेली. डेकवर राख पडायला लागली होती, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी. मी दारात फोन एका कानाला आणि दुसऱ्या कानात बोट घालून उभी. विहिणीने व्हॅन वळवली, काच खाली केली आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

मला ऐकू आलं नाही. मी भुवया उडवल्या. काय?

तिने काच वर केली आणि गेली.

मी दोन मिनिटांत घर बंद केलं. कुठे पोरगी दिसली नाही, म्हणजे व्हॅनमध्ये आहे. दुसरं काही डोक्यातच आलं नाही. ती लोलाच्याच गाडीत बसते, रोज तिच्याच गाडीत असते, याच गोष्टीवर तर मी इतकी वर्षं जळत होते.

हायवेच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. काही झालं तर तिथे भेटायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. वीस मिनिटांनी मी पोचले. विहीण व्हॅनच्या बाहेर उभी राहून माझ्या गाडीकडे बघत होती. मी खिडकीतून तिच्या व्हॅनकडे बघत होते. ती माझ्या मागच्या सीटपाशी वाकली. मी तिच्या मागच्या सीटपाशी वाकले. मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

परत जाताना आम्ही माझ्याच गाडीत होतो. ती चालवत होती, मला चालवता आलं नसतं. ती सारखं कसलीशी प्रार्थना पुटपुटत होती आणि मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते, आणि दोघींचं एकमेकींत मिसळत होतं. अर्ध्या वाटेत पोलिसांनी रस्ता अडवलेला. अलर्टची ऑर्डर झाली होती. आत सोडणार नाही म्हणाले. मी त्या तरुण पोलिसाच्या शर्टाला धरलं. विहीण त्याच्या पाया पडायला वाकली. तो वायरलेसवर बोलू लागला, तेवढ्यात समोरच्या धुरातून दिवे लावलेला एक जुना पिकअप आला.

ट्रेलरवाले आजोबा, कुत्रा, आणि मध्ये नात.

तिला काही झालं नव्हतं. एक ओरखडासुद्धा नाही. ती रडतही नव्हती. पोलिसाने विचारलं तेव्हा तिने स्वच्छ सांगितलं, "दे बोथ लेफ्ट."

संध्याकाळी मुलाच्या घरी सगळे जमलो. नातीला अंघोळ घालून वरच्या खोलीत बसवलं होतं. मुलाने विचारलं, नक्की झालं काय? ती कोणाबरोबर असायला हवी होती?

विहीण म्हणाली, मी विचारलं होतं. ती तुमच्याबरोबर येतेय ना, असं मी बालाएला विचारलं. त्या हो म्हणाल्या.

मी उसळले. म्हटलं, "मी हो म्हटलं नव्हतं."

खरंच म्हटलं नव्हतं. मला काही ऐकूच आलं नव्हतं, आणि ऐकू न आलेल्याला मी हो कशी म्हणेन? ती म्हणाली, तुम्ही म्हणालात, माझ्याकडे बघून म्हणालात. मी म्हटलं, देवाशपथ नाही. चोराच्या उलट्या बोंबा, हे मराठीत मनातल्या मनात. माझी खात्री झाली की बाई घाबरली आहे आणि धडधडीत खोटं बोलते आहे. तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिचीही माझ्याबद्दल हीच खात्री झाली आहे.

मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. निवाडा सुनेने केला. ती आपल्या आईकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "यू लेफ्ट मी टू."

विहिणीचं तोंड अर्धं उघडं होतं, ते मिटलं. तिने कोट घेतला आणि ती गेली. जुलै महिन्यात कोट.

तेव्हापासून शाळेनंतरच्या पाचही दुपारी माझ्याकडे आल्या. कुणी तसं ठरवलं नाही, ठरावही केला नाही, पण पोर माझ्या दारात यायला लागली. विहिणीकडे महिन्यातून एकदा, तेही सून बरोबर असताना. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला. मी थालीपीठं लावली, पाढे घेतले, आणि नात 'आजी' म्हणते ते आता मोजायची गरज उरली नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर उणे तीस. नातीच्या तोंडात थालीपीठाचा मोठा घास होता. मी विचारलं, लोणी वाढू? तिने भुवया उडवल्या. मी पुन्हा विचारलं, अगं लोणी, लोणी हवंय का? पुन्हा भुवया. मी वैतागून म्हटलं, 'काय काय' काय करतेस, तोंडाने बोल.

तिने घास गिळला. "आय सेड येस, आजी. ट्वाइस."

कुठे म्हणालीस?

तिने मला अडाण्याला समजावतात तसं समजावलं. भुवया वर केल्या की येस. लोला असंच करते. मम्मी पण करते. लोलाच्या चर्चमधले सगळे करतात. मग तिने मला करून दाखवलं, आणि तो चेहरा माझाच होता, दारात फोन कानाला लावून उभी असलेली मी.

आमच्याकडे 'ध'चा 'मा' झाला, तो कुणीतरी मुद्दाम केला म्हणून. इथे कुणी काही बदललं नव्हतं. मी माझ्या भाषेत 'काय' विचारलं, तिने तिच्या भाषेत 'हो' वाचलं, आणि दोघींमध्ये एक पोर धुरात उभं राहिलं. विहीण खोटं बोलली नव्हती. आणि तिने पोरीला बाहेर पाठवलं ते माझ्या नियमामुळे.

हे कळल्यावर मी धावत गेले असेन असं कुणाला वाटेल. मी तीन आठवडे गप्प बसले. केमिस्ट म्हणून जन्मभर रीडिंग चुकलं तर लगेच खोडून सही करणारी मी. पण सांगितलं की माझ्या पाचही दुपारी जाणार होत्या, आणि त्या गेल्या की त्या घरात पुन्हा मी आणि फ्रिजचा आवाज. रोज साडेतीनला दाराची बेल वाजायची आणि मी ठरवायचे, उद्या.

शेवटी एका शनिवारी गेले, ते शौर्याने नाही. नातीने विचारलं म्हणून गेले. तिने विचारलं होतं, लोला वाईट आहे का? मी 'नाही' म्हटलं आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

विहीण एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. तिने दार उघडलं, आत घेतलं, कॉफी केली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. भुवया उडवून दाखवल्या, हे आमच्यात 'काय', म्हटलं. तिने टेबलावर हात आपटला, एकदाच, कप हलले. म्हणाली, "आठ महिने. आठ महिने मला वाटत होतं तुम्ही माझ्या नातीच्या नावावर खोटं बोललात."

मी म्हटलं, मलाही तेच वाटत होतं.

मग ती बसली आणि त्या दिवशी केबिनमध्ये मी तोडलेली गोष्ट तिने पुरी केली. ते मोठं वादळ यायच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला होता. रेडिओवर सांगताहेत, स्टॉर्म सर्ज येणार. गावात कुणाला तो इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता. तू कॅनडात असतेस, तुला इंग्रजी येतं, सांग, हे काय असतं? विहीण ड्यूटीवर होती, घाईत. म्हणाली, स्टॉर्म म्हणजे वादळ, जोराचं वादळ असेल, घर पक्कं आहे, घरातच थांब. तो शब्द म्हणजे समुद्र उठून घरात येतो, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नुसतं त्सुनामी म्हणाले असते तरी सगळं गाव टेकडीवर पळालं असतं, हे आता तिकडचं पोरसुद्धा सांगतं. तिची आई घरातच थांबली.

"लेकीला माहीत आहे?" मी विचारलं.

ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, तुम्ही जे मला सांगितलंत ते मला नको आहे. तिला सांगा. आत्ता, माझ्यासमोर.

मी सुनेला फोन केला. अर्ध्या तासात ती आली, बुटांचा बर्फ न झटकताच आत. मी इंग्रजीत बोलले, कारण यात पुन्हा कुठली चूक परवडणार नव्हती. म्हटलं, तुझ्या आईने मला विचारलं होतं. माझा चेहरा हो म्हणाला. ती खरं बोलत होती, आणि हे मला तीन आठवडे माहीत आहे.

त्या तीन आठवड्यांबद्दल सुनेने मला अजून माफ केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. दुपारी आता पुन्हा लोलाच्या आहेत. पण तेव्हा ती माझ्यावरून नजर काढून आईकडे गेली, वाकून तिचे दोन्ही हात धरले आणि सॉरी म्हणू लागली.

विहिणीने हात सोडवून घेतले. "नो. वेट."

मला कळलं ती काय करणार आहे. मी उठले, पर्स घेतली. इतक्या महिन्यांनी लेक परत आली होती, हात धरून उभी होती, आता गप्प राहायला काय हरकत होती? मी तिला मानेनेच 'नको' म्हटलं. तिने पाहिलं आणि तरीही सुरुवात केली. त्यांच्या भाषेत बोलत होती. मला त्यातलं काही समजत नव्हतं, मध्ये तेवढे दोन इंग्रजी शब्द आले, आणि सुनेचा चेहरा पांढरा पडत गेला. विहिणीचं बोलून झालं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

मग सुनेने इंग्रजीत विचारलं, थांब म्हणालीस त्यावर आजी काय म्हणाली?

विहीण म्हणाली, "शी सेड, गुड. देन आय विल कुक द राइस."

सून तिथेच खाली बसली, आईच्या पायाशी, ओल्या बुटांसकट.